ब्राह्मीची पानं

"आई, सारखं ढवळू नकोस. फोडी मोडतात," निकिता व्हिडिओ कॉलवरून म्हणाली.

आम्रपालीने पळी बाजूला ठेवली आणि लगेच परत हातात घेतली. पातेल्यात पेअर, सफरचंद आणि आलुबुखाराच्या फोडी गुळाच्या पाण्यात रटरटत होत्या. बंगळुरूला नोकरीला असलेली तिची मुलगी याला कॉम्पोट म्हणत होती. त्यात तुळस, गवती चहा आणि ब्राह्मीची पानं घातली की मन जरा हलकं होतं, असं निकिताने कुठेतरी वाचलं होतं.

"दादाचा फोन आला?"

"नाही. मीही करणार नाही. डॉक्टरांनी बजावलंय."

निकिताचा दादा, बुद्धभूषण, आज कित्येक आठवड्यांनी कामावर गेला होता. हिंजवडीच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये त्याला बोलताच येईना. तेव्हापासून तो विश्रांतवाडीच्या या घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. औषधं सुरू झाली. हळूहळू तो स्वतःहून अंघोळीला उठू लागला, पेपर चाळू लागला. आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीची बस पकडायला खाली उतरला. "येतो," एवढंच म्हणाला.

आम्रपाली दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर काम करायची. आज तिने रजा टाकली होती. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

निकिताने फोन ठेवल्यावर तिने ओटा पुसला. गॅलरीत गेली, रस्ता पाहिला, आत आली. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"केलास का त्याला फोन?" बाबुरावांनी विचारलं.

"नाही हो. फळं शिजवतेय."

"सकाळपासून?"

"हो."

"मग आता त्यांना तरी सोड."

तिला हसू आलं नाही. तिने रस चाखला. ब्राह्मीने कडवट झाला होता. गुळाचा खडा टाकला, पुन्हा ढवळलं. फोडींचा पार लगदा झाला. गॅस बंद केल्यावर हातांना काहीच उरलं नाही, आणि तिने भूषणचा नंबर लावला.

रिंग जिन्यात वाजली.

तिने दार उघडलं. खालच्या वळणावर, पायरीवर तो बसला होता. बॅग मांडीवर, वाजता फोन हातात.

"बस आली होती," मान वर न करता तो म्हणाला. "दार उघडलं. ड्रायव्हरने हॉर्नपण दिला. माझा पायच उचलेना."

"सकाळपासून इथेच आहेस?"

"थोडा वेळ स्टॉपवर होतो. मग इथे. तू रजा घेतलीस ना, म्हणून वर येववेना."

आम्रपाली आत गेली. दोन वाट्या भरून घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याने वाटीत पाहिलं.

"हे माझ्या मूडसाठी?"

"निकिता म्हणते तसं. मला हातांना काम हवं होतं."

त्याने एक चमचा खाल्ला. "कडू आहे."

"हो."

तरी तो खात राहिला. जरा वेळाने म्हणाला, "उद्यापण नाही जमलं तर?"

'जमेल रे' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. सकाळीही तिने तेच म्हटलं होतं, आणि तेव्हा त्याने नजर चुकवली होती.

"मला नाही माहीत, भूषण," ती म्हणाली.

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग बॅग मांडीवरून काढून भिंतीला टेकवली.

वरच्या मजल्यावरचे तात्याराव पिशवी घेऊन खाली येत होते. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची बॅग, पायरीवरच्या वाट्या, सगळ्यांवर त्यांची नजर फिरली.

"काय हो, किल्ली हरवली वाटतं?"

भूषणने मान खाली घातली.

"नाही," आम्रपाली म्हणाली. "बसलोय."

तिने पाय जवळ घेतले. भूषणनेही घेतले. तात्याराव दोघांच्या बाजूने, कठड्याला धरून, सावकाश खाली उतरले.