नेव्हिलच्या उशाचा गोटा

मी एक चपटा गोटा. एका कबरीच्या शिळेवरून बोलतोय, म्हणून आवाज जरा खाली ठेवतो.

माझा जन्म इंग्लंडातल्या संडरलंडच्या किनाऱ्यावरचा. समुद्राने मला किती काळ घासलं, कोण जाणे. पाण्यावर टप्पे मारायला असाच गोटा लागतो, असं नेव्हिल म्हणाला होता. मेंडल कोल्स्की शिंप्याचा पोरगा. "हा आत्ता नाही फेकायचा. मी आल्यावर फेकू," असं म्हणून त्याने मला बापाच्या कोटाच्या खिशात टाकलं आणि बॉम्बर विमानाच्या शेपटीतली बंदूक सांभाळायला निघून गेला. जेमतेम विशीतला. तो परत आला नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर मेंडल मला घेऊन हॉलंडच्या उत्तरेला, फ्रिशियन लोकांच्या एका खेड्यात आला. विमान तिथल्या शेतात पडलं होतं. चर्चच्या आवारात नेव्हिलची शिळा होती, वर सहा टोकांचा तारा. आमच्या ज्यू लोकांत कबरीवर फुलं नाही वाहत, दगड ठेवतात. येऊन गेलो, एवढंच सांगायला. मेंडलने मला शिळेवर ठेवलं, पण त्याचा पाय निघेना. आमच्यात मेलेल्याला आंघोळ घालतात, पुरेपर्यंत त्याला एकटं सोडत नाहीत. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात त्याच्या पोराचं हे कुणी केलं असणार? हाच किडा त्याला आतून पोखरत होता.

शुक्रवारी हिल्के आली. गाईगुरं पाळणारी विधवा. कबरी घासायचं काम तिने आपणहून घेतलेलं. मला बघताच तिच्या कपाळाला आठी पडली. "कुठल्या कारट्याने घाण केली ही?" तिथली जमीन सगळी चिकणमातीची, दगड म्हणजे पोरांचाच उद्योग. पण माझं वजन तिला पसंत पडलं असावं. मी एप्रनच्या खिशातून थेट तिच्या स्वयंपाकघरात गेलो, आंबवायला घातलेल्या कोबीवर दाब म्हणून. समुद्रात आयुष्य गेलं माझं, पण असा वास कधी सोसला नव्हता.

पुढच्या वर्षी मेंडल आला, तेव्हा शिळा लख्ख होती आणि वर काहीच नव्हतं. हिल्के तिथेच घासत बसलेली. त्याची यिडिश, म्हणजे ज्यूंची घरची बोली, आणि तिची फ्रिशियन बोली निम्मी निम्मी जुळत होती, बाकीचं हातवाऱ्यांवर भागलं.

"इथला दगड कुणी उचलला?"

"मी. आणि तुम्ही कोण हो, माझ्या पोरावर दगड टाकणारे?"

"तुमचं पोर? बाप मी आहे त्याचा."

"बाप? मग इतक्या वर्षांत एक फूल नाही सुचलं?"

मेंडलने दगडाचा अर्थ सांगितला. हिल्केचा चेहरा उतरला. ती त्याला घरी घेऊन गेली, मला बरणीतून काढलं आणि घासू लागली.

"नेव्हिलला या कोबीचा वाससुद्धा खपायचा नाही," मेंडल म्हणाला. मग खुर्चीत बसला आणि हळूच विचारलं, "त्याला कुणी पाहिलं होतं का?"

"मीच तर आणलं त्याला गाडीवर घालून. सगळा चिखलाने माखलेला. तसंच कसं मातीत घालायचं? कोमट पाण्याने आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी पुरायचं ठरलं, तर आमचे हे गोठ्यात त्याच्यापाशी बसले ते सकाळपर्यंत उठलेच नाहीत. धारा मी एकटीने काढल्या."

"का बसले?"

"परक्या गावात आलेलं पोर. एकटं कसं सोडायचं?"

आमचे विधी तिच्या कानावरूनही गेले नव्हते. मी दगड आहे, पण त्या दिवसापासून जो थक्क झालोय तो आजही आहे. वडीलधारं माणूस घरात आल्यावर उठतात तसा मेंडल उठून उभा राहिला आणि उभाच राहिला.

मी परत शिळेवर आलो आणि त्यानंतर तो दरवर्षी यायचा. आता येत नाही, तो गेल्याचं त्याच्या मुलीचं पत्र आलं. हिल्केही वाकली आहे. तरी दर शुक्रवारी ती मला उचलते, शिळा धुते, मला धुते, परत ठेवते.

परवा ती सुनेला काम दाखवायला घेऊन आली. सुनेने फडक्याने मला सहज बाजूला लोटलं. हिल्केने तिचं मनगट धरलं.

"त्याला हलवू नकोस गं. बाप बसलाय पोराजवळ."

सुनेने मला दोन्ही हातांनी जागेवर ठेवलं. तुम्ही कधी इकडे आलात तर फुलं खुशाल आणा. मला मात्र इथेच असू द्या.