ऑक्सिजन सिस्टर

हे काम मी मागून घेतलं नव्हतं, हे आधीच सांगते. एप्रिल दोन हजार एकवीस, कोरोनाची दुसरी लाट. सकाळी सातला ड्युटीवर आले तर आमच्या मेट्रन तनुजा मॅडमनी एक परिपत्रक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "दीपमाला, आजपासून तू ऑक्सिजन सिस्टर."

"म्हणजे काय करायचं?"

"वाच."

वाचलं. वरून आलेल्या सूचना होत्या. वॉर्डातल्या एका नर्सनं फक्त ऑक्सिजनवर लक्ष ठेवायचं. दर दोन तासांनी प्रत्येक पेशंटच्या बोटाला मशीन लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघायचा. चौऱ्याण्णवच्या वर असेल तर ऑक्सिजन कमी करायचा. पेशंटनं जेवायला मास्क काढला तर चावी बंद करायची. खाली सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. कागदावर सगळं व्यवस्थितच असतं.

"मॅडम, अठ्ठावीस बेड आहेत. आणि आम्ही नर्स तीन."

"मग बाकीचं त्या दोघी बघतील," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. महिनाभर प्रत्येकाला हेच सांगून बसला असेल. मी परिपत्रक घडी करून खिशात ठेवलं. भांडायलासुद्धा अंगात दम लागतो.

माझा स्वभाव तसा तिखट. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत माझ्या दारासमोर कुणी गाडी लावत नाही. पण त्या महिन्यात घरी गेल्यावर मी कुणावर ओरडलेसुद्धा नाही. हॉस्पिटलात पीपीई किट उतरवायचं, घरी येऊन अंघोळ करायची, मिळेल ते खायचं आणि पडायचं. नवरा दारातून विचारायचा, बरी आहेस ना? मी म्हणायचे, आहे.

तर हे ऑक्सिजनचं काम. प्रत्येक बेडच्या डोक्याशी भिंतीवर एक काचेची नळी असते, तिच्यात एक गोळी. चावी फिरवली की गोळी वर चढते, मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातोय ते दाखवते, आणि खालच्या बाटलीत बुडबुडे येतात. नातेवाइकांना आकडे कळत नव्हते, बुडबुडे कळायचे. जोरात बुडबुडे म्हणजे माणूस जगतोय, बारीक झाले म्हणजे संपलं. खरं तर नातेवाइकांना वॉर्डात यायची परवानगीच नव्हती. पण अठ्ठावीस जणांना घास कोण भरवणार, पाणी कोण पाजणार? म्हणून सगळ्यांनीच डोळेझाक केली होती. मी चावी कमी करून पुढच्या बेडवर गेले की मागचा नातेवाईक ती हळूच वाढवायचा.

त्यात सगळ्यात बिलंदर सतरा नंबरची चंपाबाई. वेरूळच्या बाजूच्या एका खेड्यातली, पन्नाशीची, बारकीशी बाई. तिचा नवरा सर्जेराव आठ दिवसांपासून आमच्याकडं होता. निम्मं फुफ्फुस गेलेलं, पण माणूस शांत. सहा लिटरवर त्याचा आकडा शहाण्णव यायचा, म्हणून मी पाचवर आणायचे. दोन तासांनी आले की गोळी पंधरावर.

"मावशी, चावीला कुणी हात लावला?"

"म्या नाय बाई."

"मग काय भुतानं लावला?"

"बुडबुडे बारीक झाले व्हते. म्हणून जरासं..."

"जरासं? पंधरावर नेलंय तुम्ही! त्यांचं पोट भरलंय, कळतं का? भरल्या पोटी ताटात आणखी वाढून काय होणार?"

"जाऊ दे की जास्तीचं. तुझ्या घरचं जातंय का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. किटच्या आत घामानं भिजलेली, सहा तास पाण्याचा घोट नाही, आणि हे ऐकायचं? मी चावी पाचवर आणली आणि पुढं गेले. सर्जेरावांनी मास्कमधूनच बायकोकडं बघून हात हलवला, जाऊ दे म्हणून. ती तोंड फिरवून बसली.

तिसऱ्या दिवशी नवीन परिपत्रक आलं. आता चौऱ्याण्णव नाही, ब्याण्णव. ब्याण्णव असलं तरी पुरे, त्याच्या वर असेल तर कमी करा. मी सतरा नंबरला गेले आणि चावी चारवर आणली.

"काल तर चौऱ्याण्णव म्हणलीस," चंपाबाई म्हणाली.

"काल होतं. आज ब्याण्णव."

"का बरं? एका रातीत माणसाचं फुफ्फुस बदललं का?"

मी तिथून सरळ डॉक्टर ऋतुराजना गाठलं. आमच्या वॉर्डाचे डॉक्टर, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, डोळ्यांखाली काळं झालेलं. म्हटलं, "सर, ब्याण्णवला चालतं का खरंच?"

"चालतं."

"खरंच?"

"चालतं, दीपमाला. अन् चालत नसतं तर काय केलं असतं आपण?" एवढं बोलून ते दुसऱ्या पेशंटकडं गेले. मला त्यांचा रागही आला नाही.

त्याच्या दोन दिवसांनी नव्वद. त्या दिवशी हॉस्पिटलची टाकी तळाला गेली होती आणि टँकर पुण्याच्या बाजूला कुठंतरी अडकला होता. दुपारी नळ्यांमधला दाब कमी झाला. एकवीस नंबरला करुणा नावाची पोरगी होती, तिशीची, लहान लेकराची आई. तिचा आकडा ऐंशीवर आला. मी तिची चावी पूर्ण सोडली, तरी गोळी अर्ध्यावरच. मागं वळून बघते तर सतरा नंबरची चावीही पूर्ण सोडलेली, आणि बोटाला मशीन लावलं तर आकडा सत्त्याण्णव.

मग मात्र माझा तोल गेला. चंपाबाईचं मनगट धरलं आणि तिला ओढतच करुणाच्या बेडपाशी नेलं.

"हिला बघा. नीट बघा. हिचे ओठ बघा. तुमच्या मालकांना जास्तीचं जातंय ना, ते हिचं जातंय. टाकीत ऑक्सिजन नाही मावशी! संध्याकाळपर्यंत पुरला तर पुरला. म्हणून आकडा खाली आणतेत. फुफ्फुस नाही बदललं कुणाचं."

बोलून गेले आणि मग आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. हे नातेवाइकांना सांगायचं नाही, अशी मॅडमची सक्त ताकीद होती. आख्ख्या वॉर्डात गोंधळ उडाला असता.

चंपाबाई करुणाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "असं व्हय. मग हे आधी सांगाया काय झालं व्हतं? आमच्या गावाला दर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. घराला चार हंडे म्हणलं की चारच. पाइपाजवळ म्या सोता उभी ऱ्हाते, पाचवा हंडा भरायची कुणाची माय व्याली नाय. अन् तू मला आकडे सांगत बसली! येडी समजली का मला?"

लाज वाटली हो मला. पाच दिवस तिच्यावर खेकसत होते, पण खरं एकदाही सांगितलं नव्हतं.

ती गेली आणि स्वतःच्या हातानं नवऱ्याची चावी चारवर आणली. नळीसमोर वाकून गोळी बघितली, मला विचारलं, "बराबर का?" रात्री टँकर आला, करुणा वाचली.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात दोन ऑक्सिजन सिस्टर झाल्या. चंपाबाईला वाचता येत नव्हतं, पण मी एक मशीन तिच्याकडंच देऊन ठेवलं आणि त्यावरचा नव्वदचा आकडा तिनं चित्रासारखा लक्षात ठेवला. बारा नंबरच्या पोरानं बापाची चावी वाढवली की ही इकडून ओरडायची, "ए भाऊ, हात काढ! दुसऱ्याचं लेकरू मरंल ना!" लोक मला घाबरत नव्हते तेवढे तिला घाबरायचे. मला चार दिवस जरा श्वास घेता आला. येता-जाता ती विचारायची, "जेवलीस का गं?" मी खोटंच हो म्हणायचे.

फक्त एक गोष्ट मी तिला बजावली होती. "मावशी, कमी-जास्त काहीही करायचं असलं तरी चावीला तुम्ही हात लावायचा नाही. नव्वदच्या खाली आलं की मला हाक मारायची."

"येशील ना?"

"येईन की. तुम्हाला सोडून मी जाणार कुठं?"

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं.

पुढच्या मंगळवारी सर्जेराव उठून बसले होते, अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली होती. चार लिटरवर नव्वद. दुपारी तीनच्या सुमाराला मॅडमचा निरोप आला, खाली सिलेंडर बदलायला माणूस नाही, दहा मिनिटं ये. मी गेले. दहाची पस्तीस मिनिटं झाली. एक सिलेंडर गळत होता, पाना सापडत नव्हता, नेहमीचंच. बाकीच्या दोघी नर्स वॉर्डात होत्या, पण शेवटच्या बेडवरचा म्हातारा अचानक गार पडला आणि डॉक्टरांसकट दोघी त्याच्या छातीवर दाब देत होत्या.

वर आले तेव्हा चंपाबाई बेडला चिकटून उभी होती. एका हातात नवऱ्याचा हात, दुसरा हात पदरात घट्ट गुंडाळलेला. मशीनवर अठ्ठावन्न. भिंतीवर गोळी चारवरच.

"हाका मारल्या गं," ती म्हणाली. "लई मारल्या. त्या पोरींकडं पळत गेले, त्या म्हणल्या आलोच."

मी चावी पंधरावर नेली. मास्क दाबून धरला, ओरडून डॉक्टरांना बोलावलं. ते धावत आले. जे जे करायचं असतं ते सगळं केलं. साडेचारला डॉक्टर ऋतुराजनी घड्याळात बघितलं आणि वेळ सांगितली.

मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "सर, मी आले तेव्हा गोळी चारवर होती. वाढवलं असतं तर?"

"फुफ्फुसात रक्ताची गाठ गेली असणार. इतक्या झटक्यात खाली आले म्हणजे तेच. पंधरावर असते तरी काही झालं नसतं."

"नक्की?"

त्यांनी चष्मा काढला, किटच्या बाहीनं पुसला, तो आणखीच धुरकट झाला. "नक्की मला काहीच माहीत नाही, दीपमाला."

मी परत सतरा नंबरला आले. चंपाबाई स्टुलावर बसली होती. रडत नव्हती. नवऱ्याच्या पायावरची चादर सारखी करत होती.

"सिस्टर, म्या हात नाय लावला," ती म्हणाली. "एकदा गेला व्हता हात, चावीपातूर. मग म्हणलं, आपून समद्या लोकायला वरडतो, अन् आपलंच माणूस आलं की आपूनच... नाय लावला. पदरात बांधून घेतला." माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "बराबर केलं ना म्या?"

वाटलं, तिथंच तिच्या पायाशी बसावं आणि म्हणावं, मावशी, लावायचा होता हो, मी कोण तुम्हाला अडवणारी. पण मग ती बाई घरी काय घेऊन गेली असती? उरलेला सगळा जन्म तोच हात बघत बसली असती.

"व्हय मावशी," मी म्हणाले. "बरोबर केलं."

तिनं मान हलवली. बाटलीतले बुडबुडे जोरात चालू होते, पंधराला, त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं एकदा तिकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. स्वतःचा हात मात्र पदरातून काढला नाही.

"मग ती चावी बंद कर ना बाई," चंपाबाई म्हणाली. "कुणाच्या तरी कामाला येईल."