दुसरी चिमूट

मेन दर्मीच्या खानावळीत खोबऱ्यात कालवलेलं लावार मिळे, सळईवरचे मासळीचे गोळे मिळत, पण पाहुणे वाट वाकडी करून यायचे ते बेतुतूसाठी. अख्ख्या बदकात हळद, आलं, कचोरा नि जवळ्याचा मसाला ठासून भरायचा, सुपारीच्या पानाच्या रुंद, जाड विरीत गुंडाळून बांधायचं आणि धुमसत्या तुसाच्या आरेत रात्रभर पुरून ठेवायचं. आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय ते मिळत नसे.

मागच्या आजारपणात मेन दर्मीची चव गेली. मसाला अजून तीच वाटायची, पण मीठ-तिखट बघायचं काम सुनेकडे आलं. पुडकं उकललं की विदारी मांडीचा चिमूटभर तुकडा तोडून तोंडात टाकी, मान हलवी आणि मगच ताट बाहेर जाई. हाताला तशी सवयच पडून गेली होती.

त्या सकाळी आरेत दोन बदकं होती. समुद्राकडच्या ढिगातलं पाहुण्यांचं. डोंगराकडच्या, देवांच्या बाजूच्या ढिगातलं नवसाचं.

विदारीची लेक अर्यानी पावसाळ्यात तापाने फणफणली होती. पोर मान टाकायला लागली तेव्हा मेन दर्मी घराच्या अंगणातल्या देवळीपुढे जाऊन बसली आणि बोलली, माझी नात उठू दे, स्वतःच्या हातानं वाढवलेलं बदक चढवीन. पोर उठली. त्याच आठवड्यात म्हातारीने बाजारातून पिल्लू आणलं, शेताच्या बांधावर चारलं, पावसात टोपलीखाली झाकलं. आज दुपारी ते देवाला जायचं होतं. आणि देवाचं कुणी आधी चाखत नाही. मीठ कमी पडलं तरी देव खाईल, उष्टं खाणार नाही.

विदारीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण अर्यानीचे दात येत होते, रात्रभर तिने आईला डोळा लागू दिला नव्हता, आणि सकाळपासून पाहुण्यांच्या गडबडीत विदारीच्या पोटात घोटभर कॉफीशिवाय काही नव्हतं. पोर तर अंगावर पीतच होती. तिला कडेवर घेऊन विदारी मागच्या दाराने आली, हाताशी आला तो ढीग उकरला, विरी फाडली. वाफेचा लोट तोंडावर आला. तिने मांडीचा तुकडा तोडला आणि खाल्ला.

मग तिला दोरा दिसला. लाल, पांढरा, काळा. विरीच्या गाठीत मेमेने, सासूने, नवसाची खूण म्हणून स्वतः ओवलेला.

विदारी गार पडली. हात मात्र थांबला नाही. पुन्हा गेला, छातीशी, जिथे मांस मऊसूत झालं होतं, आणि दुसरी चिमूट तोंडात आली. ती तिने नीट चावून खाल्ली.

"विदारी, काढलंस का गं?" मेन दर्मी आत आली आणि उघडी विरी बघून जागीच उभी राहिली.

"मेमे, माझ्याकडून चूक झाली. मला वाटलं हे पाहुण्यांचं. चाखलं मी."

म्हातारीने उकरलेला ढीग बघितला. "डोंगर कुठे नि समुद्र कुठे, एवढं तर माझी कोंबडी पण सांगेल," ती म्हणाली. मग सुनेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला दिसली असावीत. "असू दे. झोप नाही तुला. चुकून झालं ते चुकून झालं."

"दुसरं बदक चढवूया का?"

"ते विकत घेतलेलं आहे. मी शब्द दिला तो वाढवलेल्याचा." तिने पदराने राख झटकली. "हे पाहुण्यांना वाढ. दुसरं गाडीवाल्याला दे, कधीचा मागे लागलाय."

पाहुणे म्हणजे एक म्हातारं जोडपं होतं. त्यांचा गाडीवाला नेंगाह दुभाष्याचं काम करत होता. बाईने पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले.

"त्या विचारतायत, इतकं चवदार कसं काय होतं?" नेंगाह म्हणाला. "सांग काहीतरी. मसाल्याची गोष्ट सांग, लोकांना आवडते. नाहीतर मी सांगतो, सुनेला सासू रोज रागावते, तो राग मसाल्यात उतरतो म्हणून."

"सांग तुला हवं ते," विदारी म्हणाली आणि ताटातला तो तुटका भाग दिसू नये म्हणून त्यावर भाजी सरकवली. बाई हसून तिचे आभार मानत होती. विदारीला तिच्याकडे बघवेना.

पाहुणे गेल्यावर मेन दर्मीने कमरेला वस्त्र बांधलं, फुलं घेतली, उदबत्ती लावली. "चल. नवस लांबला हे देवांना सांगायला हवं. गुपचूप बसून चालायचं नाही."

देवळीपुढे दोघी बसल्या. अर्यानी विदारीच्या मांडीवर झोपली होती, तिची मूठ आईच्या कंबरपट्ट्यात अडकलेली. म्हातारी नेहमीच्या सुरात, शेजारणीशी बोलावं तशी, बोलू लागली. "आज आणणार होते ते आणता आलं नाही. दोष द्यायचा तर मला द्या, मीच दोन्ही ढीग जवळजवळ लावले. सून लहान आहे, पोरीच्या जागरणात तिची चूक झाली. तिच्या मनात काही नव्हतं."

विदारीने जोडलेल्या हातातलं फूल खाली ठेवलं.

"मेमे," ती म्हणाली, "मनात होतं."

म्हातारीने मान वळवली नाही.

"पहिल्यांदा चुकले. मग दोरा बघितला. बघून पुन्हा खाल्लं. भूक लागली होती. आणि ते फार चांगलं झालं होतं."

उदबत्तीची राख गळून पडली. मेन दर्मीने जोडलेले हात खाली घेतले.

"हे मला सांगतेस का त्यांना?" तिने विचारलं.

"दोघांना."

"त्यांचं काय ते त्यांना ठरवू दे. माझ्यापुरतं सांगते." तिचा आवाज कोरडा होता. "ज्या पोरीसाठी मी पावसात भिजून ते पाखरू झाकलं, ती तुझीच पोर ना गं?"

 विदारीने मान खाली घातली.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, पायरी उतरली आणि थांबली. "पुढचं पिल्लू तू आणायचं. तू चारायचं, तूच झाकायचं. मी हात लावणार नाही." दोन पावलं गेली, पुन्हा थांबली. "आणि भात काढून ठेवते. जेवून घे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या, हे मलाही दिसत होतं. मी वाढलं नाही."

ती आत गेली. विदारी बसून राहिली. मांडीवरची पोर झोपेतच तोंड हलवत दूध शोधू लागली. विदारीने तिला छातीशी धरलं, आणि पोर पोटभर पिऊ लागली.