पडलेला हातोडा

मी विधानसभेतला हातोडा बोलतोय. अक्रोडाच्या लाकडाचा. शाळा मी पाहिली नाही, झाडाला कोण शाळेत घालतंय? पाच सभापतींच्या हातांचा घाम मात्र प्यालोय. मला सगळे दबकतात, म्हणून माझ्याशी बोलत कुणी नाही.

ऑल्डन फार्नम हा खाणगावचा वकील नवा आमदार होऊन आला. त्याचं पहिलंच विधेयक ओटाव्हिया कोर्ती या विधवेपायी होतं. तिचा नवरा ग्रॅनाइट फोडून छातीत धूळ भरून मेला. कायदा म्हणे, खाण सोडल्यापासून वर्षाच्या आत भरपाई मागा. आजार कळतो दहा वर्षांनी! वर्ष डॉक्टरनं सांगितल्या दिवसापासून मोजा, एवढंच फार्नमचं मागणं.

आमच्याकडे एक खोड होती. नव्याच्या पहिल्या विधेयकाला सगळ्यांनी आधी ‘नाही’ ओरडायचं, त्याचं तोंड उतरलं की हसून ‘हो’ म्हणायचं.

“वकीलसाहेब, यात माझ्या गाईला पेन्शन आहे का?”

“गाईचं सोड, याला आधी मिशी फुटू दे!”

मग सगळे एका दमात ओरडले, “नाही!” सभापती थर्लो हसता हसता हललाच आणि त्याच्या हातून मी आपटलो. खाडकन.

“अरे, मस्करी होती ही,” थर्लो म्हणाला.

कारकून मान वर न करता म्हणाला, “हातोडा पडला, साहेब, म्हणजे ‘नाही’ कायम झालं. आता ‘नाही’ म्हणणाऱ्यातल्याच कुणी उठून फेरमत मागायला हवं.”

अधिवेशनाचा शेवटचा दिवस. मागे खाणमालकांचा माणूस पाय पसरून एकेकाच्या तोंडाकडे बघत बसलेला. कुणी बुटाची नाडी बांधली, कुणी चष्मा पुसला. एकही बेटा उठला नाही. फार्नमला उठून उपयोग नव्हता, तो ‘हो’वाला.

ओटाव्हिया प्रेक्षकांच्या सज्जातून खाली आली.

“वकीलबाबा, ते हसत का होते?”

“मस्करी करत होते.”

“माझी?”

“नाही हो. माझी.”

“मग पडलं कुणाचं?”

“तुमचं,” तो म्हणाला.

त्यानंतर दर अधिवेशनात त्यानं तेच विधेयक आणलं. डबाही एकटाच बाकावर बसून खायचा. लोक पाठ थोपटायचे. तो उठून जागा बदलायचा. अकराव्या वर्षी ते मंजूर झालं. मी आपटलो, सगळं सभागृह उभं राहून टाळ्या पिटू लागलं. फार्नम बसूनच सज्जाकडे बघत राहिला. ओटाव्हियाला मातीआड होऊन दोन हिवाळे झाले होते. पुढे खाणगावच्या कितीतरी बायांना पैसे मिळाले. तिला नाही.

आता फार्नमही गेला. मला चीर पडली म्हणून काचेच्या कपाटात ठेवलंय. शनिवारी एक बाई काच पुसते, मला हात लावत नाही.

माझ्या जागी नवा हातोडा आलाय. तो ज्याच्या हातात असेल त्याला एकच सांगणं. आम्ही लाकडं, आम्हाला थांबता येत नाही. तुला येतं, बाबा. थांब.