क्वासीच्या शेवटचा 'अ'

घानातल्या आमच्या कुमासीत मूल ज्या वारी जन्मतं तो वार त्याच्या नावाला चिकटतो. शुक्रवारचा तो कोफी, रविवारचा क्वासी. मी क्वासी. आता क्वासीच्या शेवटी एक 'अ' जोडला की होतं क्वासिया, आणि आमच्या भाषेत क्वासिया म्हणजे मूर्ख. हे ज्याने कोणी ठरवलं तो नक्कीच शुक्रवारी जन्मला असणार.

मी पाट्या रंगवतो. ब्याण्णव साली माझ्या दुकानावर 'क्वासी आर्ट वर्क्स' अशी पाटी होती. पिवळ्यावर निळी अक्षरं, त्यांना लाल सावली. समोर 'कोफी हेअर कटिंग'. तीही मीच रंगवलेली, पण खरं सांगतो, जरा कमी मन लावून.

कोफी न्यार्को माझा लहानपणापासूनचा मित्र, त्यामुळे आमचं रोज भांडण व्हायचं. त्या जानेवारीत भांडायला चांगला विषय मिळाला. दहा वर्षांनी घाना आफ्रिकेच्या फुटबॉल कपाच्या फायनलला पोचला होता, आणि फायनल रविवारी होती.

"त्रेसष्टचा कप रविवारी, पासष्टचाही रविवारीच," मी त्याच्या दारात उभा राहून म्हणालो. "कप आमचा, क्वासी लोकांचा!"

"आणि ब्याऐंशीचा शुक्रवारी," गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा थांबवून कोफी म्हणाला. "तुझे कप जुने झाले रे बाबा, बुरशी आली त्यांना."

"आणि अठ्ठ्याहत्तरचा?" गिऱ्हाइकाने विचारलं. मानेवर वस्तरा असताना माणसाने गप्प बसावं.

अठ्ठ्याहत्तरचा वार आमच्या गल्लीत कोणालाच धड आठवत नाही. कप घरच्या मैदानावर जिंकला, आणि गल्ली इतकी प्यायली की गुरुवार म्हणणारे आणि शनिवार म्हणणारे आजही एकमेकांच्या घरी जेवत नाहीत.

बोलता बोलता मी पेटलो. "ऐक. या रविवारी हरलो तर माझ्या पाटीवर तुझ्या हाताने 'अ' लाव. सगळ्या कुमासीने वाचू दे. आणि जिंकलो, तर वर्षभर रोज सकाळी दुकान उघडताना रस्त्यापलीकडून ओरडायचं, नाना क्वासी, दया असू द्या!" नाना आम्ही राजाला म्हणतो.

"ठरलं," कोफी म्हणाला. त्याने इतक्या पटकन हो म्हणायला नको होतं.

दुपारपर्यंत सगळीकडे बोभाटा झाला. चर्चची नवी पाटी मलाच मिळणार होती. पाद्रीबाबा स्वतः येऊन सांगून गेले, "बाळ, हरलास तर मूर्खाच्या हातून मी देवाचं नाव लिहून घेणार नाही." म्हणजे नावही पणाला लागलं आणि धंदाही. माझी झोप उडाली.

रविवारी माम दुफीच्या खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोर आयव्हरी कोस्ट. नव्वद मिनिटं शून्य-शून्य, जादा वेळही शून्य-शून्य, मग पेनल्टी. एक मारतो, दुसरा मारतो, संपायचं नाव नाही. अकरा-अकरा जणांचं मारून झालं, गोलकीपरांनीसुद्धा मारली, तरी दहा-दहा.

"खाली बसा मेल्यांनो!" माम दुफी पळी घेऊन ओरडली. "टीव्ही तुमच्या डोक्यासारखा नाही, फुटेल!"

आयव्हरी कोस्टने बारावी मारली. गोल. आमच्या माणसाने बारावी मारली. नाही गेली.

फुफूच्या वाडग्यात हात तसाच ठेवून माणसं पडद्याकडे बघत राहिली. मला आधी देशाचं वाईट वाटलं आणि लगेच पाटीचं. या क्रमाबद्दल मला अजून अभिमान आहे.

सोमवारी सकाळी मीच शिडी लावली आणि डबा आणि ब्रश कोफीच्या हातात दिला. गल्ली गोळा झाली. जन्मभर लोकांच्या कपाळावर सरळ रेघ काढणारा हा माणूस, पण त्या दिवशी रेघ काही सरळ येईना. त्याचा 'अ' बेडकासारखा बसला.

"खाली उतर," मी म्हणालो. "मूर्ख म्हणवून घेईन, वाकडा मूर्ख म्हणवून घेणार नाही."

बेडूक पुसला आणि मीच वर चढलो. कोफीने शिडी धरली. खालून हळूच आवाज आला.

"क्वासी."

"काय आहे?"

"ती शेवटची पेनल्टी... क्षणभर मला वाटलं, चुकू दे."

"कोणाची? आपली?"

"हो. म्हटलं, पैज जिंकेन. आणि चुकली की रे ती!"

मी खाली बघितलं. तिशी उलटलेला बाप्या शिडीला कपाळ टेकून रडत होता.

"अरे वेड्या, मॅच सेनेगलमध्ये होती. तुझं मन तिथे कोणाला ऐकू जातंय?"

"ते मला माहीत नाही. माझ्याही पाटीवर लाव."

"कोफिया? त्याला काही अर्थच नाही."

"नसू दे. मला कळेल."

लावला. या वेळी पूर्ण मन लावून, सावलीसकट. कप येईल त्या दिवशी दोन्ही पाट्यांवरचा 'अ' खरवडायचा, असं आम्ही ठरवलं. पाद्रीबाबांनी चर्चचं काम दुसऱ्याला दिलं. त्याने येशूचं स्पेलिंग चुकवलं, मग आले मूर्खाकडेच.

दोन हजार दहाला फायनल होती, रविवारीच. खरवडणी धार लावून ठेवली होती. हरलो. पंधरा साली पुन्हा फायनल, पुन्हा रविवार, पुन्हा आयव्हरी कोस्ट, पुन्हा पेनल्टी. त्यानंतर गल्लीतल्या सगळ्या क्वासींना फायनल बघायला बंदी झाली, आणि मी स्वतः त्या ठरावाच्या बाजूने हात वर केला.

गेल्या वर्षी कोफी गेला. आता दुकान त्याची मुलगी अबेना चालवते. पाटीचं लाकूड किडलं, तेव्हा तिने मला नवी पाटी करायला बोलावलं. मी मापं घेतली, खडूने अक्षरं आखली आणि शेवटाला येऊन थांबलो.

"पोरी, तुझ्या वडिलांनी उगाच मनाला लावून घेतलं होतं. आता हा 'अ' काढून टाकू का?"

तिची कात्री थांबली.

"कप आला का, काका?"

"नाही."

"मग कशाला विचारता?" ती म्हणाली, आणि तिने गिऱ्हाइकाची मान पुन्हा खाली दाबली.