काठोकाठ भरलेला प्याला

मी किटली बोलतेय. डोंगरातल्या नारिन शहरातल्या, लोकरी सपातांच्या कारखान्यातली, निळी, पांढऱ्या फुलांची. माझं झाकण कानाला दोरीने बांधलंय आणि तोटीचा टवका उडालाय. पण चहा अजून एका धारेत पडतो, हो!

भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या लग्नघरात मिरवेन. आले ती इथे, लोकरीच्या धुळीत. पहिली काही वर्षं रुसून काढली. मग बुरुल नावाची मुलगी कामाला लागली. मला विसळताना ती माझ्याशी बोलायची. तेव्हापासून मी तिचीच.

आमच्याकडे चहा ओतणारी बाई दाराजवळ बसते आणि मानाची माणसं समोरच्या भिंतीशी. मानाच्या माणसाला प्याल्यात चहा जरासाच द्यायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं. प्याला काठोकाठ भरला, तर त्याचा अर्थ 'प्या आणि निघा.' हे शेंबड्या पोरालाही कळतं.

बर्फ वितळलं तेव्हा मालकांनी बुरुलला कारखान्याची प्रमुख केलं. पण बैठकीत ती बसली दाराजवळच, मला घेऊन! सवय, दुसरं काय. तिने तोंड उघडलं, की लोकर दाबायच्या यंत्रावरचे मुख्य कारागीर तोक्तोसून-आके, म्हणजे तोक्तोसूनदादा, म्हणायचे, "बुरुल, चहा गार झाला गं!" ती ओतायला वाकायची आणि तिकडे निर्णय होऊन जायचे. माझा जीव नुसता तुटायचा.

पानं पिवळी पडली आणि यंत्रावरची, आकेंच्या हाताखालची दोन्ही माणसं कामासाठी रशियाला निघाली. हिवाळ्याची ऑर्डर तर डोक्यावर. बुरुलला कारखान्यातल्या मुलींना यंत्र शिकवायचं होतं. पण शिकवणार कोण? यंत्र ठाऊक फक्त आकेंना. ते नाही म्हणाले, की ऑर्डर गेली आणि तिचं पदही.

त्या बैठकीत तिने मला उचललं आणि थेट आकेंच्या पुढ्यात ठेवलं. "आके, आज तुम्ही ओता. मला बोलायचंय."

"मी?" आके लाल झाले. "म्हणजे पोरी यंत्र चालवणार आणि आम्ही चहा ओतायचा? व्वा! उद्या स्वयंपाकालाही लावशील!"

"नको बाई, तुमच्या हातचं खाणार कोण?" लोकर पिंजणारी साइकाल-एजे, आम्हा सगळ्यांची ताई, म्हणाली. सगळे हसले आणि आके जास्तच भडकले. माझा कान धरून त्यांनी बुरुलचा प्याला भरला. काठोकाठ.

मला माझ्याच तोटीची लाज वाटली.

बुरुलने प्याला दोन्ही हातांनी उचलला, सावकाश सगळा चहा संपवला आणि प्याला पुन्हा पुढे केला. "द्या अजून. माझं बोलणं बरंच लांबणार आहे."

आणि ती बोलली. कोणती मुलगी काय शिकेल, आकेंच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी यंत्राशेजारी खुर्ची, सगळं. "तुमच्याशिवाय आम्हाला आहे कोण, आके?" असंही ती म्हणाली. आकेंनी आपला गुडघा चोळला. मग म्हणाले, "खुर्ची गादीची हवी."

आता त्या गादीच्या खुर्चीतून ते मुलींवर खेकसत असतात. "अगं, बोटं सांभाळ! घरी दुसरी ठेवलीयत का?" ऑर्डरही वेळेवर पूर्ण झाली.

मी आता म्हातारी झालेय. कधीतरी फुटेन. तेव्हा नवी किटली खुशाल आणा, पण तिला एकाच बाईच्या गळ्यात बांधू नका. बैठकीत सगळ्यांच्या हातांतून फिरू द्या, मी फिरते तशी. काल पाळी आकेंची होती. कुरकुरत, सांडत त्यांनी सगळ्यांना चहा दिला. बुरुल समोरच्या भिंतीशी बसली होती. तिचा प्याला त्यांनी शेवटी घेतला, जरासाच भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.