कुत्र्याचं खाणं आणि शुक्रवारचे सुपरहिरो

ऑरिन ट्वेटकडे कुत्र्याच्या खाण्याचा विषय काढायचा असेल तर माणसाने घरून पोटभर जेवून निघावं आणि दुपारपर्यंत दुसरं काम ठेवू नये. ऑरिनचं दुकान तसं गुराढोरांच्या खाद्याचं. मक्याचा भरडा, वासरांची दूधपावडर, चाटायच्या मिठाचे ठोकळे, सगळं तिथे मिळायचं. पण त्याचा खरा जीव मागच्या भिंतीलगतच्या, कुत्र्यांच्या खाण्याच्या पिशव्यांत. नवी जात आली की तो पिशवी फोडून दोन दाणे स्वतःच्या तोंडात टाकायचा आणि डोळे मिटून सावकाश चावायचा. सकाळच्या फुकट कॉफीसाठी जमलेली मंडळी तोवर श्वास रोखून बसत.

"यात कोंबडी नाही," मग तो जाहीर करायचा. "कोंबडी याच्या शेजारून गेलीय फक्त."

"आणि पिशवीवर लांडगा काढलाय तो?" एमेट ड्रेगर मुद्दाम काडी टाकायचा. एमेट निवृत्त पोस्टमन, आणि नेब्रास्कातल्या आमच्या होल्मन गावात दुसऱ्याला पेटवण्याइतकं स्वस्त करमणुकीचं साधन नाही.

"तेच तर! गावातली कुत्री सोफ्यावर झोपतात, वीज कडाडली की पलंगाखाली घुसतात, आणि त्यांना म्हणे लांडग्याचा आहार! एमेट, तुझ्या त्या पूडलमध्ये कधी लांडगा दिसलाय का तुला?"

"पूडलमध्ये नाही. सासूत दिसायचा."

ऑरिनचा दुसरा विषय म्हणजे सुपरहिरोंचे सिनेमे. तो सुरू करण्याआधी मात्र तो दुकानाचं दार नीट लागलंय ना, ते बघून यायचा. मग म्हणायचा, "तेही असंच. दाणे तेच, पिशवी नवी. आभाळाला भोक पडतं, त्यातून कुणीतरी येतं, अर्धं शहर भुईसपाट होतं, आणि शेवटी हे सगळे घट्ट कपड्यांतले लोक गच्चीवर उभे राहून सूर्याकडे बघतात. अरे, विमावाले कुठे असतात तेव्हा? इथे चार गारा पडल्या तर तो माणूस तीन वेळा येऊन माझं छप्पर मोजून जातो!"

दार बघून यायचं कारण मार्लिस कुबिचेक. पर्ल थिएटर बंद पडायला आलं तेव्हा गावाने वर्गणी काढून ते विकत घेतलं. तेव्हापासून तिकिटं, पॉपकॉर्न, झाडलोट सगळं पाळीपाळीने गावकरीच करतात. सिनेमा ठरवायचं आणि लावायचं काम मात्र मार्लिसचं, आणि मार्लिसचा सुपरहिरोंवर भारी जीव. साठी ओलांडलेली बाई, पण एखादा हिरो मेला की यंत्राच्या खोलीत बसून हुंदके द्यायची. तो पुढच्या उन्हाळ्यात परत येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. खेळ सुटला की ती दारात उभी राहायची आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "कसा वाटला?"

आमच्याकडे कुणाच्या वस्तूला तोंडावर नावं ठेवत नाहीत. घास घशाखाली उतरत नसला तरी "वाईट नाही" म्हणायचं, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं आणि गाडीत बसल्यावर बायकोला खरं काय ते सांगायचं. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. बाहेरचे लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते असो.

तर गेली तीन वर्षं सुपरहिरोंचा सिनेमा लागेल त्या प्रत्येक शुक्रवारी ऑरिन सातव्या रांगेत कडेला बसत होता. असे चौतीस सिनेमे त्याने पाहिले, आणि चौतीस वेळा दारात टोपी हातात घेऊन म्हणाला, "वाईट नव्हता." त्यावर मार्लिस अशी हसायची की गडी सोमवारपर्यंत शीळ घालत पिशव्या रचायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती त्याची. दुकानातल्या कॉफीवाल्यांना सगळं दिसत होतं, पण तोंडावर बोलायचं नाही ना.

मार्लिसही महिन्याला चाळीस पौंडांची एक पिशवी न चुकता घ्यायची, तिच्या वॉल्टरसाठी. वॉल्टर म्हणजे लांब कानांचा, पोट जमिनीला टेकलेला बासेट कुत्रा. मार्लिसकडे स्वतःचा टेम्पो होता, तरी पिशवी घरी पोचवायला ऑरिन जातीने जायचा, आणि अंगणात गुडघे टेकून वॉल्टरचे दात तपासायचा.

मार्चमध्ये बातमी आली. मार्लिसचा मुलगा क्रेग दूर वाळवंटातल्या फिनिक्स शहरात असतो. त्याच्या घरामागे एक छोटं घर रिकामं झालं होतं, आईने बर्फ उपसायचं सोडून आता तिकडे यावं असा त्याचा आग्रह होता. येत्या शनिवारी दुपारी तो फोन करणार आणि ती हो की नाही ते सांगणार. हे एमेटने सोमवारी सांगितलं आणि ऑरिनने हातातली पिशवी होती तिथेच खाली ठेवली.

"तू काही बोलणार आहेस का?" एमेटने विचारलं. एवढा थेट प्रश्न त्याने जन्मात कुणाला विचारला नसेल.

"मी काय बोलणार? तिचा मुलगा आहे. हवा चांगली आहे तिकडची."

"हवा!" एमेट म्हणाला. "लेका, त्या कुत्र्याच्या दाण्यावर तू तासभर बोलतोस. माणसावर एक वाक्य निघत नाही?"

निघत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. आठवडाभर ऑरिनने गोदामात मिठाच्या ठोकळ्यांसमोर उभं राहून सराव केला. "मार्लिस, तुम्ही थांबलात तर गावाला बरं वाटेल." हे फारच ग्रामपंचायतीसारखं झालं. "मार्लिस, पर्लचं कसं होईल?" हे तर साफ खोटं, पर्ल उद्या जळून गेलं असतं तरी त्याला वाईट वाटलं असतं ते फक्त दारात कोण उभं राहील याचं. शुक्रवारी सिनेमा सुटल्यावर बोलायचं असं ठरवून तो गेला, पावणेतीन तास बसला, दारात आला आणि म्हणाला, "वाईट नव्हता." घरी येऊन बुटांसकट पलंगावर पडला.

शनिवारी सकाळी मार्लिस स्वतःच दुकानात आली. वॉल्टर मागे फरफटत होता. कॉफीवाले चार जण होते, सगळ्यांनी एकदम पेल्यात डोकी घातली.

"ऑरिन, या महिन्यापासून पिशवी नको," ती म्हणाली.

म्हणजे ठरलं. ऑरिनच्या कानांत गरम वारं शिरल्यासारखं झालं. आता बोल, आता बोल, असं तो मनात घोकत होता, आणि तोंडातून आलं ते असं: "फिनिक्सला उन्हाळा कडक असतो. तिथे याला कमी चरबीचं लागेल. मी एक जात सुचवतो, पहिले पाच घटक वाचून घ्या, मका पहिला असेल तर हात लावू नका, आणि पाण्यात भिजवून..."

"ऑरिन."

"...भिजवून दहा मिनिटं, जास्त नाही, नाहीतर लगदा होतो, आणि त्याच्या डाव्या दाढेला..."

"ऑरिन, वॉल्टरने तुमचा एक दाणाही कधी खाल्लेला नाही!"

कॉफीवाल्यांची डोकी एकदम पेल्यांतून वर आली. मार्लिस स्वतःच दचकली होती. चेहरा लाल झाला, पण सुटलेलं तोंड तिला आवरेना.

"पहिल्या दिवशी हुंगला आणि पाठ फिरवून बसला. मी त्याला भात आणि गाजर शिजवून घालते. तीन वर्षं."

"आणि पिशव्या?"

"माझ्या भाच्याच्या डुकरांना."

"डुकरांना!" ऑरिन काउंटर धरून उभा राहिला. "कोकराच्या मटणाचे आणि ताज्या ब्लूबेरीचे दाणे, मी स्वतः चाखून दिलेले, डुकरांना?"

"त्यांना फार आवडतात," मार्लिस पडेल आवाजात म्हणाली. "तुम्ही एवढं मन लावून सांगत होता. नको कसं म्हणायचं?"

माणसाला सगळीकडे डिवचावं, पण त्याला जे येतं असं वाटतं तिथे डिवचू नये. ऑरिनच्या छातीत तीन वर्षांची वाफ कोंडलेली होती, तिचं झाकण उडालं.

"असं? मग ऐका माझंही. ते तुमचे सिनेमे! चौतीसच्या चौतीस मला कंटाळवाणे वाटले. कोण कुणाचा भाऊ हे मला आजवर कळलेलं नाही. तो एक निळा आणि तो दुसरा निळा, हे दोन वेगळे आहेत हे मला मागच्या नाताळात कळलं! मेलेला माणूस परत येतो, मग रडायचं कशाला? आणि कथा संपली, नावं सुरू झाली, तरी उठायचं नाही, कारण शेवटी अजून एक तुकडा असतो, त्यात एक अनोळखी माणूस अंधारातून येऊन एक वाक्य बोलतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. का? कोण तो? काल पावणेतीन तास! माझी कंबर गेली, मार्लिस. दोन वेळा मला वाटलं, मीच उठून त्या खलनायकाला जग देऊन टाकावं आणि घरी जावं!"

एमेटच्या नाकातून कॉफी आली. बाकीच्यांनी भिंतीवरच्या ट्रॅक्टरच्या कॅलेंडरचा अभ्यास सुरू केला. ऑरिन धापा टाकत थांबला, आणि आपण काय करून बसलो ते त्याला उमगलं. ती निघून जाणार होती आणि त्याने तिला शेवटचं दिलं ते हे.

मार्लिस रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. मान किंचित कलती करून ती त्याच्याकडे बघत राहिली, एखादा हिशेब जुळत नसावा तशी.

"चौतीस," ती म्हणाली. "एकही आवडला नाही?"

"एकही नाही."

"मग आलात कशाला?"

या प्रश्नाचा सराव गोदामात झाला नव्हता. ऑरिनने उत्तरासाठी एमेटकडे पाहिलं. एमेट कॅलेंडरमधला एप्रिल वाचत होता. वॉल्टर खाली बसला.

"शेवटी तुम्ही दारात असायचा," ऑरिन म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "तिथे पोचायचं तर आधी सिनेमा बघावा लागायचा." मग मिठाच्या ठोकळ्यांना जे आठवडाभर सांगता आलं नव्हतं ते त्याने सांगितलं. "जाऊ नकोस, मार्लिस. मला फार एकटं वाटेल."

गावातल्या चार माणसांदेखत कुणी असं बोलल्याचं मला तरी आठवत नाही. मार्लिसने पर्स काउंटरवर ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"पिशवी बंद करायला मी आले होते, कारण भाच्याने डुकरं विकली," ती म्हणाली. "फिनिक्सचं मी काहीच ठरवलं नव्हतं. तू काही बोलतोस का ते बघत होते. तू आणि ती दाढ!"

"म्हणजे..."

"पुढच्या शुक्रवारचा सिनेमा तीन तासांचा आहे. आणि त्यात दोन्ही निळे आहेत."

ऑरिनने टोपी काढून हातात घेतली. आयुष्यभराचा सभ्यपणा जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला होता, तो त्याने मोठ्या कष्टाने मागे ढकलला.

"मी नाही बघणार तो," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर बाहेर बसेन. तिकिटं फाडेन."

"तिकिटं दहा मिनिटांत फाडून होतात. उरलेले तीन तास काय करायचं?"

ऑरिनने विचार केला. "मांजरांच्या खाण्याबद्दल माझी काही मतं आहेत," तो म्हणाला. "अजून कुणाला सांगितलेली नाहीत."

मार्लिस काउंटरवर वाकून इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग तिने दुकानाचा फोन स्वतःकडे ओढला, दुपारची वाट न बघता फिनिक्सचा नंबर फिरवला, आणि पलीकडून क्रेगचा आवाज येईपर्यंत ऑरिनची बाही घट्ट धरून उभी राहिली.